चितळ आपले, बेट त्यांचे नव्हे

अंदमानला जाऊन आलेल्या मराठी माणसाच्या फोनमध्ये दोन छायाचित्रे हमखास सापडतात. एक सेल्युलर जेलमधल्या सावरकरांच्या कोठडीचे आणि दुसरे रॉस बेटावरच्या चितळांचे. (२०१८ पासून या बेटाला नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव आहे, पण बोलण्यात अजून ‘रॉस’च चालते.) वडवर्गीय झाडांच्या मुळांनी विळखा घातलेले ब्रिटिशांचे पडके बंगले आणि त्यांच्या सावलीत पर्यटकांच्या आसपास निर्धास्त वावरणारी ठिपक्यांची हरणे, असे ते दृश्य असते. ही हरणे अंदमानात मुळात नव्हतीच, साहेबाने ती शिकारीच्या हौसेसाठी जहाजातून आणली, हे सहसा कोणी सांगत नाही. कोणी सांगितलेच आणि वर ती तिथल्या जंगलांतून काढायला हवीत असेही म्हटले, तर जो वाद पेटतो तो ऐकून दोन्ही बाजूंची कीव येते. एक बाजू म्हणते, बाहेरून आलेले ते बाहेर गेलेच पाहिजे. दुसरी विचारते, त्या मुक्या जिवाने तुमचे काय घोडे मारले? पहिलीला प्राण्याचा जन्मदाखला पुरतो, दुसरीला त्याचे डोळे. चितळामुळे त्या बेटावर नेमके काय घडते आहे, याची चौकशी दोघींपैकी कोणालाच करावीशी वाटत नाही.

माझे मत आधीच सांगतो. एखादा प्राणी परका आहे एवढ्यावरून त्याला मारणे हा अन्याय आहे. पण माणसाने नेऊन सोडलेल्या प्राण्यामुळे जगात इतरत्र नसलेले जीव नाहीसे होत असतील, आणि त्या प्राण्याला तिथून पुरते काढणे शक्य असेल, तर त्याला मारणे हे आपले कर्तव्य ठरते, मग तो कितीही देखणा असो. अंदमानच्या बऱ्याच बेटांवरचे चितळ या कसोटीत बसते. आणि मारायचेच असेल तर ते काम तडीला न्यावे. दर चार वर्षांनी थोडे मारायचे आणि मग विसरून जायचे, याइतका क्रूर पर्याय दुसरा नाही.

चितळ अंदमानात आले ते एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि विसाव्या शतकाची सुरुवात यांच्या दरम्यान. ताडोब्यात किंवा पेंचमध्ये चितळाच्या मागावर वाघ, बिबट्या आणि रानकुत्री असतात. अंदमानात जमिनीवरचा असा एकही मोठा शिकारी नाही. चितळ पोहण्यात पटाईत असल्याने बेटांमधल्या खाड्या ओलांडून ते द्वीपसमूहाच्या बहुतेक भागात पसरले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात त्यांच्यावर उतारा म्हणून दोन बिबटे आणून सोडण्यात आले. दोन्ही माद्या होत्या. सरकारी कारभाराची याहून नेमकी कथा मला माहीत नाही. पण त्या प्रयोगात सुदैवच म्हणायचे, कारण एखादा नर असता तर आज आपण चितळांसोबत बिबट्यांचाही वाद घालत बसलो असतो. तिथल्या वनस्पती एवढ्या संख्येने चरणाऱ्या खुरांच्या जनावरांच्या सोबतीने कधी वाढलेल्याच नाहीत. त्यामुळे जंगलाचा वरचा छत्रासारखा भाग हिरवागार दिसतो, पण खालचा झाडोरा आणि उद्याची झाडे होणारी रोपे खुडली जातात. या झाडोऱ्यावर जगणारे, जगात दुसरीकडे कुठेही न सापडणारे सरडे आणि पाली चितळांच्या बेटांवर कमी झाल्याचे संशोधकांनी मोजून दाखवले आहे. पर्यटकाला यातले काही दिसत नाही. त्याला हरीण दिसते, आणि न उगवलेल्या झाडाचे छायाचित्र काढता येत नाही.

आता विरोधातला सर्वांत वजनदार मुद्दा. देशी आणि परके ही विभागणीच मुळात लबाड आहे, असे काही विचारी माणसे म्हणतात, आणि त्यांचे बरेचसे खरे आहे. मिरची, बटाटा आणि टोमॅटो अमेरिकेतून आले. त्यांना हाकलायचे म्हटले तर मराठी स्वयंपाकघरात शिल्लक काय राहील? किती शतके राहिले म्हणजे परके आपले होते? २०२२ साली आफ्रिकेतला चित्ता कुनोत सोडताना आपण सोहळा केला. याच चित्त्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये परकी प्रजाती म्हणून अडवले होते आणि २०२० मध्ये परवानगी दिली. दरम्यानच्या सात वर्षांत चित्ता बदलला नव्हता. शिवाय ही भाषा किती घसरू शकते याला इतिहास साक्षी आहे. १९४२ साली नाझी राजवटीतल्या काही जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी आशियातून आलेल्या, तेरड्याच्या कुळातल्या एका लहानशा रोपाविरुद्ध समूळ संहाराचे युद्ध पुकारावे असे लिहिले आणि त्याची तुलना बोल्शेविक संकटाशी केली. मार्क डेव्हिस आणि त्यांच्या अठरा सहकारी शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात असा आग्रह धरला, की जिवांची पारख त्यांच्या मूळ ठिकाणावरून करू नका, ते काय करतात ते पाहा. ज्या महाराष्ट्रात ‘उपरा’ हा शब्द माणसाच्या जिव्हारी कसा लागतो हे सर्वांना ठाऊक आहे, तिथे तरी ‘घुसखोर हरणे’ असली भाषा कोणी वापरू नये.

मात्र हा युक्तिवाद मान्य केला की चितळ सुटते, असे जे समजतात त्यांनी तो शेवटपर्यंत वाचलेला नसतो. जन्मस्थान पाहू नका, परिणाम पाहा, हेच जर सूत्र असेल, तर अंदमानात परिणाम पाहिल्यावर निष्कर्ष चितळाच्या विरोधात जातो. उलट जन्मस्थानाच्या सूत्राने तिथे चितळाचा बचाव झाला आहे, आणि तोही कायद्याच्या भाषेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि आक्रमक परकीय प्रजातींवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. ही दुरुस्ती गरजेचीच होती. पण तिच्यातल्या व्याख्येनुसार आक्रमक परकीय प्रजाती म्हणजे जी मूळची भारताची नाही ती. चितळ भारताचेच आहे. म्हणून मुख्य भूमीपासून हजारेक किलोमीटर दूर समुद्रात, ज्या बेटांवर ते कधीच नव्हते, तिथेही ते कायद्याने स्वकीय ठरते आणि संरक्षणाच्या अनुसूचीचे कवचही त्याला लाभते. देशाची राजकीय सीमा कुठून जाते याच्याशी अंदमानातल्या सरड्याला काय देणे-घेणे? परकेपणा मोजायचाच असेल तर तो परिसंस्थेच्या संदर्भात मोजला पाहिजे. पासपोर्टच्या संदर्भात मोजला की असा उफराटा न्याय होतो: साहेबाची शिकारीची हौस स्वतंत्र भारताच्या कायद्याने जपली जाते.

आपलेच प्राणी बाहेर गेले की काय करतात, हे पाहिले तर डोके थोडे थंड होते. पिंडाला शिवणारा आपला कावळा १८९०च्या दशकात झांझिबारमध्ये कचरा साफ करण्यासाठी नेण्यात आला. तिथून तो पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पसरला आणि स्थानिक पक्ष्यांची अंडी-पिल्ले फस्त करू लागला. २०२४ मध्ये केनियाच्या वन्यजीव विभागाने असे दहा लाख कावळे मारण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. पितृपक्षात गच्चीवर पान ठेवून कावळ्याची वाट पाहणाऱ्या, आणि हल्ली तो येतच नाही म्हणून हळहळणाऱ्या माणसाला ही बातमी बोचणारच. मलाही बोचली. पण केनियातल्या पक्ष्याने आपल्या पितरांसाठी अंडी गमवावीत, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार? मुंगसाचेही तसेच. ज्याचे दर्शन आपण शुभ मानतो, त्या भारतीय मुंगसाने उसाच्या मळ्यांतले उंदीर खावेत म्हणून त्याला १८७२ मध्ये कलकत्त्याहून जमैकात आणि पुढे अनेक बेटांवर नेले गेले. ज्यांच्यासाठी त्याला नेले ते उंदीर उरलेच. अनेक ठिकाणी देशी पक्षी आणि सरपटणारे प्राणी मात्र कमी झाले.

भूतदयेचा मुद्दा मी हलक्याने घेत नाही. गोळी लागलेल्या हरणाला वेदना होते, आणि ते स्वतःच्या मर्जीने बोटीत चढले नव्हते. गुन्हा आणणाऱ्याचा आणि शिक्षा आणलेल्याला, यातला अन्याय कोणत्याही पर्यावरणशास्त्राने पुसता येत नाही. म्हणूनच निर्मूलनाची भाषा उत्सवाची असू नये, त्याच्या स्पर्धा भरू नयेत आणि मारलेल्या जनावराशेजारी उभे राहून कोणी फोटो काढू नयेत. पण दयेचा हिशेब मांडायचा तर तो पुरता मांडावा. उपाशी मरणारे जीवही मरतातच. ते सावकाश मरतात आणि कोणाच्या नजरेस पडत नाहीत, एवढेच. चितळाचीही यातून सुटका नाही, कारण शिकारी नसलेल्या बंदिस्त बेटावर हरणांची संख्या शेवटी भूकच आवरते. आणि आपली दया तरी सारख्या हाताने वाटली जाते का? जंगलातली घाणेरी उपटताना कोणी मोर्चा काढत नाही, कारण ती झुडूप आहे. समुद्री पक्ष्यांच्या बेटांवर उंदरांना विष घालतात तेव्हा मेणबत्त्या लागत नाहीत. हरीण म्हटले की मात्र करुणेला पाझर फुटतो. डोळ्यांच्या आकारावरून जगण्याचा हक्क ठरवणे आणि जन्मदाखल्यावरून तो नाकारणे, यांत मला फारसा फरक दिसत नाही.

मारण्याने उलटेच घडते, हा आक्षेप अधिक शास्त्रीय आहे आणि त्याला आधारही आहे. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला दूरवर असलेल्या मॅक्वारी बेटावर सील मारायला आलेल्या लोकांनी मांजरे आणि ससे नेले. मांजरे समुद्री पक्षी खात, म्हणून २००० सालापर्यंत ती सगळी संपवण्यात आली. सशांना खाणारे कोणी उरले नाही, त्यांच्यावर सोडलेल्या रोगाची धारही तोवर बोथट झाली होती, आणि सशांनी उतारच्या उतार बोडके करून टाकले. अनेकजण ही गोष्ट इथेच थांबवतात. पुढचा भाग असा आहे, की त्यानंतर ससे आणि लहान-मोठे उंदीर यांचे एकत्रित निर्मूलन हाती घेतले गेले, २०१४ मध्ये बेट त्यांच्यापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले आणि झाडोरा परत येऊ लागला. चूक मारण्यात नव्हती. परस्परांशी गुंतलेल्या तीन धाग्यांपैकी एकच ओढण्यात होती. अंदमानातही हे पथ्य पाळावे लागेल. पण तिथे चितळ कोणा दुसऱ्या उपद्रवी प्राण्याला आवरून धरते आहे, असा दावा आजवर कोणी केलेला नाही.

मग नसबंदी का नको, किंवा पकडून दुसरीकडे का नेऊ नये? जिथे जमेल तिथे जरूर करावे. एक चौरस किलोमीटरही नसलेल्या रॉसवरचा माणसाळलेला कळप हाताशी येतो, आणि तिथे जपावे असे मूळ जंगलही फारसे उरलेले नाही. त्या हरणांना गोळी घालण्याचे काही कारण नाही, त्यांच्या पिढ्या थांबवल्या की पुरे. अंदमानातल्याच इंटरव्ह्यू बेटावरच्या हत्तींनाही मी बंदुकीपासून दूर ठेवीन. लाकडाच्या धंद्यासाठी आणलेले ४०च्या आसपास हत्ती १९६०च्या दशकात व्यवसाय बुडाल्यावर तिथेच सोडून दिले गेले. त्यांनीही जंगलाची नासधूस केली. पण ते थोडे आहेत, सावकाश वाढतात आणि हत्तींना पकडण्याची विद्या या देशात आहे. (गणपतीच्या प्रदेशात वाढलेल्या माझ्या मनाचा कौलही यात मिसळला असेल, हे मी नाकारत नाही.) परंतु घनदाट, डोंगराळ, रस्ते नसलेल्या बेटांवरच्या रानटी चितळांना एकेक करून गाठायचे, बेशुद्ध करायचे, टाके घालायचे आणि सोडायचे, हे कागदावरच शक्य आहे. नसबंदी झालेले हरीण पुढची आठ-दहा वर्षे चरतच राहते. आणि पकडण्याच्या धसक्यानेच अनेक हरणे दगावतात, हे स्थलांतराची कामे केलेल्या कोणत्याही वनाधिकाऱ्याला विचारावे.

निर्णय टाळण्याची किंमत कोलंबियाने मोजली. अमली पदार्थांचा कुख्यात तस्कर पाब्लो एस्कोबार याने आपल्या खासगी प्राणिसंग्रहालयासाठी चार पाणघोडे आणले होते. १९९३ मध्ये तो मारला गेला आणि ते तिथेच राहिले. २००९ मध्ये सरकारने एका नराला मारायची परवानगी दिली, मृत प्राण्याशेजारी उभ्या सैनिकांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले, जनक्षोभ उसळला आणि पुढे न्यायालयाने शिकारच थांबवली. तेव्हा ते मूठभर होते. २०२३ पर्यंत त्यांची संख्या १६०च्या पुढे गेली. त्यांतले साठ पाणघोडे गुजरातमधल्या जामनगरला पाठवण्याचा प्रस्तावही निघाला, आणि अखेर सरकारने नसबंदी, परदेशी पाठवणी आणि काहींना मारणे असा तिहेरी बेत जाहीर केला. ज्यांनी २००९ मध्ये एका पाणघोड्यासाठी अश्रू ढाळले, त्यांनी पुढच्या कित्येकांचे मरण वाढवून ठेवले असे म्हटले तर ते कठोर होईल, पण खोटे होईल का?

काम तडीला नेणे म्हणजे काय, हे जपानच्या अमामी ओशिमा बेटाने दाखवले. तिथे १९७९ मध्ये हाबू नावाच्या विषारी सापांचा बंदोबस्त करण्यासाठी सुमारे तीस मुंगसे सोडण्यात आली. मुंगूस दिवसा हिंडते, हाबू रात्री. दोघांची गाठ क्वचितच पडायची. मुंगसांनी सापांऐवजी तिथला दुर्मीळ काळा ससा खायला सुरुवात केली आणि त्यांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली. सरकारने पगारी पथक नेमले, सापळ्यांचे जाळे पसरले, प्रशिक्षित कुत्री आणली. शेवटचे मुंगूस २०१८च्या एप्रिलमध्ये सापडले, पण घोषणा झाली सहा वर्षांनी, २०२४च्या सप्टेंबरमध्ये. मधली सारी वर्षे एखादे उरले तर नाही ना, हे तपासण्यात गेली. बत्तीस हजारांवर मुंगसे मारली गेली, आणि आता तिथे पुढच्या मुंगसाला मारायचे कारण उरलेले नाही. केनियातल्या कावळ्यांची गोष्ट याच्या शेजारी ठेवा: वीसेक वर्षांपूर्वीच्या मोहिमेत त्यांची संख्या बरीच उतरवली होती, काम थांबले, कावळे पुन्हा वाढले आणि आता आकडा दहा लाखांचा झाला. आपल्याकडे तर प्रश्न परक्या प्राण्यांचाही नव्हता, तरी अर्धवटपणाचा नमुना तोच. २०१६ मध्ये बिहारमधल्या मोकामा भागात भाडोत्री नेमबाजांकडून दोनशेहून अधिक नीलगाई मारल्या गेल्या. त्यावरून मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर हे दोन केंद्रीय मंत्री जाहीरपणे भांडले. पुढे काय करायचे, हा प्रश्न त्या भांडणाच्या धुरळ्यात हरवून गेला.

तडीला नेता येणार नाही अशा ठिकाणी मात्र हात आवरावा, हेही मी तितक्याच ठामपणे म्हणेन. उजनीचेच घ्या. चिलापी मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला; आज भिगवणच्या मासळी बाजारात त्याचे ढीग लागतात आणि धरणात जमिनी गेलेल्या, मासेमारीकडे वळलेल्या कुटुंबांची चूल त्याच्यावर चालते. उजनीतून चिलापी निपटून काढण्याची भाषा करणाऱ्याने जलाशय पाहिलेलाच नाही. आफ्रिकी मांगूर या माशावर २००० पासून देशभर बंदी आहे आणि त्याची तळी अधूनमधून जेसीबीने बुजवली जातात. त्याचा उपयोग नवा मांगूर नदीत जाण्यापासून थांबवण्यापुरता. नदीत गेलेला मांगूर जेसीबीने परत येत नाही.

अंदमानातही दक्षिण, मध्य आणि उत्तर अंदमानच्या मोठ्या बेटांवरून चितळ पुरते नाहीसे होईल, असे आश्वासन मी देणार नाही. सुरुवात लहान, निर्जन आणि इतर बेटांपासून दूर असलेल्या बेटांवर व्हावी, जिथे शेवटचे हरीण मोजता येते आणि पोहून येणारे नवे अडवता येते. प्रशिक्षित पगारी माणसे नेमावीत. आजही चोरटी शिकार चालतेच, तिला कंत्राटाचे नाव देऊन मोकळे होऊ नये. गॅलापागोसमधल्या पिंटा बेटावर १९५९ मध्ये सोडलेल्या तीन शेळ्यांचे पुढच्या पंधरा वर्षांत हजारोंचे कळप झाले होते, आणि तेही शेवटी संपवता आले. अधिनियमात यासाठी वाट आहे: अनुसूची दोनमधला प्राणी ठरावीक प्रदेशापुरता आणि मुदतीपुरता उपद्रवी घोषित करण्याचा अधिकार केंद्राकडे आहेच. मात्र ‘उपद्रवी’ ठरवले की ज्याच्या हाती बंदूक तो शिकारी, असे होते. त्यापेक्षा आक्रमक प्रजातीच्या व्याख्येतले ‘भारताची नाही’ हे शब्द बदलून ‘त्या परिसंस्थेची नाही’ असे करावेत.

हा बदल लवकर व्हावा असे म्हणण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते चितळाइतके देखणे नाही. गेल्या दीडेक दशकात अंदमानात मुख्य भूमीवरचा मोठा बेडूक पसरतो आहे, बहुधा मत्स्यशेतीसाठी आणलेल्या माशांच्या पिलांबरोबर आलेला. पहिल्या पावसात कोकणातल्या खाचरांत पिवळाधमक होऊन ओरडणारा तोच हा बेडूक. गोव्यात ‘जंपिंग चिकन’ म्हणून तो चोरून खाल्ला जातो आणि वनखाते त्याला वाचवण्यासाठी दर पावसाळ्यात रात्रीची गस्त घालते, ते अगदी योग्यच आहे. अंदमानात त्याची मांसाहारी, शेपटीवाली पिल्ले (बेडूकमासे) तिथल्या देशी बेडकांची तशीच पिल्ले खातात, हे प्रयोगांतून दिसले आहे. आणि भारताचाच असल्यामुळे २०२२च्या व्याख्येत तोही बसत नाही.